टेकडीच्या मायचा बाळंतविडा

सुमनअक्काची नात पाच महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. पोर पालथी पडायला लागली, हुंकार द्यायला लागली, बापाचा चष्मा ओढायला लागली, पण नावाचा पत्ता नाही. बाप म्हणजे अक्काचा मुलगा हेमराज. तो तिला "मॅडम" म्हणायचा. आजोबा "ओ बाई" म्हणायचे. दवाखान्यात लस द्यायला नेलं की "दिपमालाचं बाळ" असा पुकारा व्हायचा आणि दिपमाला, म्हणजे अक्काची सून, मान खाली घालून उठायची.

माझ्या जिभेला हाड नाही. मी एकदा अक्काला तोंडावर म्हटलं, "आपल्या कॉलनीत कुत्र्याच्या पिल्लालाही आठवड्यात नाव मिळतं."

"कुत्राले कोनी नवस करीसन मांगस का?" अक्का म्हणाली आणि विषय संपला.

नवस केला तेव्हा आम्ही चौघीही दवाखान्यात होतो. चौघी म्हणजे अक्का, चारुलता, रिबका आणि मी, नूतन. जळगावात एकाच गल्लीत आयुष्य गेलं. दर उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर चौघींच्या घरचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकत्र पडतात, आणि ते वाळेपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढून होतात. अक्का वयानं मोठी. नशिराबादेजवळ त्यांची केळीची बाग आहे, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. चारुलता शाळेतून निवृत्त झालेली, पण शाळा तिच्यातून काही निवृत्त झालेली नाही. आणि रिबका धुळ्याची. बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. खुद्द हेमराज तिच्याच हातावर जन्मला.

नवरात्राच्या आधी दिपमालेला कळा सुरू झाल्या आणि तिचं बीपी एकदम चढलं. डॉक्टर आत-बाहेर करायला लागले, रक्त आणायला हेमराज धावला. बाकड्यावर रिबका डोळे मिटून प्रार्थना करत होती. तिच्याकडे बघून अक्काला काय वाटलं कोण जाणे, तिनंही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "टेकडीवरनी माय, मनी सून आन् लेकरू, दोन्ही सुखरूप घर येऊ दे. तुले बाळंतविडा चढावसू. तवलोंग लेकरूनं नाव ठेवाव नही."

मायलेकी सुखरूप घरी आल्या. आणि नाव अडकलं.

टेकडी म्हणजे पारोळ्याच्या पुढची. अक्काचं माहेर तिकडं बोरी नदीच्या अंगाला. त्यांच्या शेतातून ती टेकडी दिसायची, वर एक पांढरा क्रूस आणि छोटं देऊळ. वर्षातून एकदा तिथं ख्रिस्ती लोकांची यात्रा भरते, गावोगावची माणसं येतात, आणि त्याच दिवशी सगळ्यांना वर मूर्तीपाशी जाता येतं. तिथली माय बाळंतिणींना पावते असं अक्का लहानपणापासून ऐकत आलेली. स्वतः मात्र ती कधी वर चढली नव्हती. आता यात्रा होती थेट माघात. तोवर थांबणं आलं.

थांबणं सोपं नव्हतं. दिपमालेचं माहेर भडगाव. तिकडून तिच्या आईचा दर आठवड्याला फोन, बारसं कधी, लोक विचारतात, बिननावाचं लेकरू बरं दिसत नाही. हेमराज आणि दिपमालेनं नाव ठरवून ठेवलंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते काय आहे हे कुणी बोलत नव्हतं. आणि अक्का मनातून भ्यालेली. कुणी चुकून नाव उच्चारलं, नवस मोडला आणि पोरीला काही झालं तर? सुनेच्या खोलीचं दार लावलेलं असलं की ती मुद्दाम तिथून सावकाश जायची, कान देऊन.

"घेत असणार गं नाव," मी चारुलतेला म्हणायची. "आजकालच्या पोरी. दार लावलं की झालं."

चारुलताही मान हलवायची. दिपमाला मात्र गप्प. त्या गप्प राहण्याचा सगळ्यांनी आपापल्या सोयीनं अर्थ लावला होता, आणि माझा अर्थ सगळ्यात वाईट होता.

यात्रा जवळ आली तशी तयारी सुरू झाली. अक्कानं जाहीर केलं की सगळी व्यवस्था रिबका सांगेल, कारण देव तिचा. रिबकेनं कपाळावर हात मारला.

"अक्का, किती वेळा सांगू? आमची मंडळी वेगळी. आमच्यात मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, नवस तर नाहीच. माझे वडील धुळ्याला पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. मी त्या टेकडीवर जन्मात गेले नाही."

"मंग तुमनामा काय करतस?"

"प्रार्थना करतो आणि गप्प बसतो."

"मंग तू गप्प बस. पन चाल."

झालं, ठरलं. बाळंतविड्यात कुणी कसूर केली नाही. मी झबली शिवली, मऊ सुती, गाठीची, बटण टोचेल म्हणून बटण नाही. चारुलतेनं जुन्या साड्यांचं दुपटं शिवलं, कारण नवं कापड बाळाला टोचतं. टोपडं, कुंची, लंगोट, मनगट्या, सगळं झालं. अक्कानं आईसाठी हिरवी साडी घेतली आणि डिंकाचे लाडू वळले, असे की डब्याचं झाकण उघडलं की गल्लीला कळावं. मी म्हटलं, "घरची केळी न्या की एक फणी." अक्का माझ्यावर डाफरली. बाळंतिणीला केळी थंड पडतात, एवढं कळत नाही का? केळीवर घर उभं राहिलेल्या बाईचं हे बोलणं. केळी मग आम्ही आमच्यासाठी घेतली.

अक्काच्या भावाचा मुलगा भिकन जळगावात क्रूझर गाडी चालवतो. यात्रेच्या दिवशी तो सकाळीच दारात हजर. दिपमाला आणि पोर घरीच राहिल्या, आम्ही चौघी निघालो. सगळा बाळंतविडा नव्या सुपात रचला होता, वर खण झाकलेला, आणि ते सूप अक्का मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

"आत्या, बाळंतीन कोन शे नेमकी?" भिकननं आरशात बघून विचारलं.

"तू समोर बघ," अक्का म्हणाली.

एरंडोलच्या अलीकडे कडुनिंबाखाली गाडी थांबवून आम्ही भरीत आणि पुऱ्या खाल्ल्या. चारुलतेला साखरेमुळं पुऱ्या मना आहेत. तिनं आधी एकच खाईन म्हटलं, मग रिबका दुसरीकडं बघेपर्यंत थांबली. मग गाणी सुरू झाली. अक्कानं कानबाईचं गाणं धरलं. ते संपल्यावर रिबकेनं टाळ्यांच्या ठेक्यावर एक जुनं ख्रिस्ती भजन म्हटलं. धुळ्याच्या देवळात तिचे वडील हे ढोलकीवर म्हणायचे म्हणे. दुसऱ्या कडव्याला आम्ही सगळ्या तिच्यामागं म्हणत होतो, आणि पारोळ्याचा किल्ला दिसला तेव्हा भिकनही. मला खूप दिवसांनी इतकं हलकं वाटलं. नवरे नाहीत, स्वयंपाक नाही, आणि मांडीवर कुणाचं तरी बाळंतपण.

टेकडीच्या पायथ्याला यात्रा आपल्या सगळ्या यात्रांसारखीच. फुगे, गरम जिलबी, पेरू, बांगड्या. फक्त नारळाच्या जागी मेणबत्त्या. वर जाणाऱ्या वाटेवर शिरपूर-साक्रीकडची आदिवासी कुटुंबं होती, लेकरं झोळीत, म्हातारी माणसं काठीवर. अक्कानं सूप डोक्यावर घेतलं. तिचा गुडघा दुखतो, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. सुपावरचा खण बघून बाया आपोआप बाजूला होत होत्या. बाळंतविडा ओळखायला धर्म लागत नाही.

"कोनं बाळंतपन, अक्का?" एकीनं विचारलं.

"मायनं!" अक्कानं धापा टाकत वर बोट दाखवलं. ती बाई गोंधळून आमच्याकडं बघायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वर देवळाबाहेर रांग होती. रांग दारातून आत वळली, आणि मूर्ती दिसली.

नाताळच्या कार्डावर असते तशी निळ्या पदराची आई आणि तिच्या कडेवर गोरंगोमटं बाळ, असं काहीतरी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात होतं. इथं आई होती, पण मांडीवर बाळ नव्हतं. मांडीवर वाढलेला, दाढी असलेला मुलगा आडवा होता. मेलेला. त्याचा एक हात खाली लोंबत होता आणि आई नुसती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

अक्का जागच्या जागी थांबली. मागच्या बाईचा धक्का लागला तरी हलली नाही. मग तिनं डोक्यावरचं सूप घाईघाईनं खाली घेतलं, पदराखाली झाकलं आणि रांगेतून उलट्या पावली बाहेर पडली. आम्ही तिच्यामागं.

देवळाच्या मागं कडुनिंबाच्या पारावर ती बसली. चेहरा पांढराफटक.

"मरेल आंडोर मांडीवर लिसन बशेल बाई," ती म्हणाली, "आन् मी तिले टोपडं दखाडू? झबलं दखाडू? हाई नवस नही, हाई तं तिनी थट्टा शे."

रिबका हळूच म्हणाली, "अक्का, मला खरंच माहीत नव्हतं. मी कधी आलेच नव्हते." तिचा आवाज बारीक झाला होता, जसा काही दोष तिचाच.

चारुलता व्यवहारी. ती म्हणाली, "असं करू या. सूप दाराशी ठेवू, नमस्कार करू आणि निघू. घरी सांगायचं, नवस फिटला. पोरीचं नाव तरी मोकळं होईल."

"कोनले फसाडू?" अक्का एकदम उसळली. "तिले? का देवले? का मना मनले?" आणि मग तिचा आवाज फुटला. "नवस असा अर्धामा ऱ्हायना तं पोरीनं नाव कसं ठेवू मी? कोन तोंडघाई ठेवू?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते मात्र कळेना. पाच महिने एक पोर नावावाचून घरात वाढतेय, सून गप्प आहे, आणि इथवर येऊन आम्ही पारावर बसलोय, लाडवांचा वास सुटलाय. खालून जिलबीवाल्याची आरोळी येत होती.

अक्कानंच मग नाक पुसलं. "रिबका, तो कितला वरीसना व्हता?"

"तेहतीस."

"हेमराजतून धाकला," अक्का म्हणाली. "आन् तिनं बाळंतपन कोठे व्हयनं व्हतं? माहेर का सासर?"

"कुठंच नाही. वाटेत. सरकारचा हुकूम होता म्हणून नाव नोंदवायला परगावी निघाले होते. उतरायला जागा मिळाली नाही. गोठ्यात झालं."

"गोठामा! सोबत कोन व्हतं? माय? सासू?"

"कुणी नाही. नवरा."

"तो काय कामना!" अक्का म्हणाली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा मी हसले. "दाई कोन व्हती?"

रिबका बोलायला गेली आणि थांबली. हिच्या हातावर आमच्या भागातली कितीतरी लेकरं जन्मली, पण तिच्या तोंडावर आत्ता जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. "शास्त्रात दाईचं काही लिहिलेलं नाही, अक्का. दर नाताळला मी ते वाचत आलेय. हे माझ्या मनातच कधी आलं नाही."

"वार कोनी पाडी? लेकरू कोनी पुसं? तिनी खाधं काय?"

"माहीत नाही. मेंढपाळ बघायला आले. नंतर लांबून मोठे लोक आले. सोनं आणलं, ऊद आणला."

"सोनं! ओली बाळंतीन सोनं चाटी का? एक बी लाडू नही?"

"नाही," रिबका म्हणाली. "लाडू कुणी आणला नाही."

अक्का उठली. गुडघा धरून उठली, पण उठली. "मंग हाई बाईनं बाळंतपन आजूनलगून बाकीच शे," ती म्हणाली. "आंडोर मोठा व्हयना, गया, बठ्ठं व्हयनं. पन हिले कोनी इचारं नही. धर ते सूप, नूतन."

मी सूप धरलं. लेक गेलेल्या बाईला लोक मरणाचंच विचारतात. तो जन्मला तेव्हा तुझं कसं झालं, कोण होतं, काय खाल्लंस, हे विचारायला तिच्याजवळ कुणी बसत नाही.

आम्ही परत रांगेत लागलो. आत मूर्तीपाशी मठातली एक तरुण सिस्टर उभी होती. चारुलतेनं तिला शाळेतल्या आवाजात सगळं समजावलं, नवस, सूप, बाळंतविडा. सिस्टर आधी हसली, मग ऐकता ऐकता गंभीर झाली, आणि म्हणाली, "ठेवा ना, आजी. पायाशी ठेवा. नंतर यात्रेला आलेलं सगळ्यात लहान बाळ शोधून त्याला घालू कपडे."

अक्कानं साडी ठेवली. लाडवांच्या डब्याचं झाकण काढलं. मग मूर्तीकडं वर बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "बाई, उशीर व्हयना. राग मानू नको. माले ठाऊक नव्हतं. लाडू मना हातना शेतस, डिंक चोखा शे. आन् हाई झबलं त्यानंच शे, तो धाकला व्हता तवनं."

दुपटं तेवढं राहिलं होतं. ते रिबकेनं घेतलं. मला वाटलं ती मागं सरेल, तिच्या मंडळीत हे चालत नाही. तिनं वॉर्डात घालायची तशी त्या दुपट्याची घडी घातली, एक कोपरा आत मुडपून, आणि तो लोंबता हात होता त्याच्या खाली ठेवली. मेणबत्ती लावली नाही, वाकली नाही. डोळे मिटून उभी राहिली, तिच्या पद्धतीनं, गप्प. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

सिस्टरनं डब्यातला एक लाडू कागदात बांधून अक्काच्या हातात दिला. "तुमच्या सुनेला द्या. आईकडून."

बाहेर आल्यावर अक्का लहान मुलीसारखी झाली. हिला मिठी मार, तिच्या पाठीत धपका घाल. भिकनला खाली हाक मारून जिलबी सांगितली. आणि मग म्हणाली, "लाव व सुनले फोन."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला. "आई?" दिपमालेचा आवाज आला. दबका. "फिटला का?"

"फिटना! बठ्ठा फिटना! गुरुवारले बारसं. लेकरूनी आत्याले बलाव, भडगावले सांग. आन् आते खरं बोल," अक्का खुशीत आलेली, "दार लाईसन घेत व्हतीस ना तिनं नाव? बोल, आते माले राग नही."

मी चारुलतेकडं बघितलं. आम्हा दोघींना उत्तर ठाऊक होतं.

"नाही, आई," दिपमाला म्हणाली.

"एकदाव बी?"

"एकदाही नाही. तोंडावर यायचं, मग मी पाणी प्यायची. यांनासुद्धा घेऊ दिलं नाही." "तुम्ही फक्त लेकरू नव्हतं मागितलं, आई. माझाही जीव मागितला होता. रिबकामावशींनी सांगितलं मला. मग तो नवस मी कशी मोडणार?"

माझी मान आपोआप खाली गेली. पाच महिने आम्ही त्या पोरीच्या गप्प बसण्याला काय काय नावं ठेवली होती. आणि ती आमच्यापेक्षा, खुद्द नवस बोललेल्या बाईपेक्षा घट्ट निघाली. मला लाज वाटली आणि लगेच इतका आनंद झाला की मी रिबकेचा हात पकडला.

अक्कानं माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि तरातरा परत देवळात शिरली. रांगबिंग काही नाही. "सरका व बाईसहोन, सरका," म्हणत थेट मूर्तीपुढं गेली आणि फोन दोन्ही हातांनी वर धरला, त्या आईच्या तोंडासमोर. सिस्टरही बघत राहिली.

"आते म्हन, दिपमाला," अक्का म्हणाली. "मोठ्यांदी म्हन. हिले बी आयकू जाऊ दे."

फोनमधून दिपमालेचा आवाज आला, देवळात घुमेल इतका मोठा. "मैथिली! ए मैथिली!"

पलीकडं पोर खिदळली. तिला काय कळलं देव जाणे. रांगेतल्या बाया हसल्या. अक्कानं फोन खाली घेतला नाही.

"आजून एकदाव," ती म्हणाली.